आजीच्या भिंतीपासून कलाभवनापर्यंत

(वसतिगृहाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची. पाचवी ते बारावी याच वसतिगृहात राहिले. बारावीनंतर चित्रकला शिकायला शांतिनिकेतनला जाते म्हटल्यावर बाबा म्हणाले, "जिव्या सोमा म्हसेंना पद्मश्री मिळाली, ते कुठं कॉलेजात गेले होते? चित्रं तर तुझी आजीपण काढते." इथल्या ताईंनाही काळजी होती. नर्सिंग केलं असतं तर नोकरी मिळाली असती. त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आज द्यायचा प्रयत्न करते.

शांतिनिकेतन पश्चिम बंगालमध्ये आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ साली तिथे कलाभवन सुरू केलं आणि नंदलाल बसूंनी ते घडवलं. तिथे चित्र, शिल्प, छापचित्र अशी कामं हाताने करायचीच, पण कलेचा इतिहासही वाचायचा. शेजारीच संगीत भवन. सगळे विद्यार्थी एकमेकांत मिसळलेले.

पहिलं वर्ष मला फार जड गेलं. समोर माणूस बसवून त्याचं चित्र काढायचं असे. माझा हात दोन त्रिकोण जोडायचा. मान, खांदा, बसल्यावर पडणारा भार, काहीच जमेना. आणि मनात भीती, की हे जमलं तर आजीने दिलेला हात जाईल. सुट्टीत घरी आले की परत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचं 'सांताळ कुटुंब' हे १९३८ सालचं शिल्प आहे. ते संगमरवरी नाही. सिमेंट आणि तिथलीच लाल खडी वापरून केलेलं आहे. बिऱ्हाड घेऊन निघालेलं कुटुंब. बापाच्या खांद्यावर कावड, कावडीत मूल, आईच्या डोक्यावर ओझं, सोबत कुत्रा. खऱ्या माणसांपेक्षा मोठी माणसं! एका संध्याकाळी मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि मला माझेच आईबाबा दिसले, दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेले. रामकिंकर स्वतः सांताळ नव्हते. त्यांनी शेजारच्या माणसांकडे नीट पाहिलं होतं. मी माझ्या आईकडे कधी इतकं नीट पाहिलं होतं? खांदा काढायला का शिकायचं, ते मला त्या दिवशी कळलं.

तिथे 'कालो बाडी' नावाचं विद्यार्थ्यांचं घर आहे. मातीच्या भिंती, त्यावर उठावाची चित्रं आणि वरून डांबराचा काळा थर. मातीची भिंत मला नवी नव्हती. आमच्याकडे लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवरच काढतात. आपण घरातून काहीतरी घेऊन आलो आहोत, हे मला त्या घराने सांगितलं.

आई एका दुकानदारासाठी तारपानाच काढते. तोच गोल, तेच माप. एक बाई वेगळी काढली तर चित्र परत येतं. कलाभवनात उलटं विचारायचे, "हे असंच का काढलंस?" माझ्या मते शिक्षणाने दिलं ते हेच. काय काढायचं ते मी ठरवते, आणि का काढलं ते सांगू शकते.

शेवटच्या वर्षी मी वीटभट्टीची छापचित्रं केली. त्यात आजीचे त्रिकोणही आहेत आणि आईचा खांदाही. घरी दाखवल्यावर आजी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ही माझी सून. ओझं बरोबर दिसतंय."

माझी कमाई अजून नर्सइतकी नाही, हे पालकांना खरं सांगते. पण दर रविवारी मी इथे मुलांना शिकवते, आणि त्यांच्या वह्यांत मला नुसता तारपानाच नाही, बस आणि शाळाही दिसते.

हितचिंतकांना एक सांगते. कलाभवनात दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला नंदन मेळा भरतो. विद्यार्थी, शिक्षक आपली कामं विकतात आणि तो पैसा विद्यार्थ्यांच्या मदतनिधीत जातो. आपल्या वसतिगृहातही असा छोटा मेळा भरवू या. आणि उद्या एखादी मुलगी म्हणाली, "मला चित्रकला शिकायची आहे," तर आधी तिची वही मागून बघा.