काळ्या पडद्यावरील आज्ञा



आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांची संगणकाशी पहिली ओळख होते ती एमएस-सीआयटीच्या वर्गात. तेथे माऊस फिरवून चित्रांवर टिचकी मारण्यास शिकवितात. ते शिक्षण उपयोगाचेच आहे. परंतु हाच मुलगा किंवा मुलगी पुढे पुण्यास अभियांत्रिकीला गेली, की समोर चित्रे नसलेला काळा पडदा येतो. शहरातील सोबती भराभर अक्षरे टंकित असतात आणि आपले मूल बिचकते. ही भीती येथेच, घरबसल्या काढता येते.

या सोयीस शेल म्हणतात. शेल म्हणजे कवच. आतला गर म्हणजे कर्नेल. यंत्राचा खरा कारभार तो पाहतो. आपली आज्ञा त्याच्यापर्यंत पोचविणारा दुभाषी म्हणजे शेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सचे काम आरंभिले. त्याच धर्तीवर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नेल प्रसिद्ध केले. लिनक्स विनामूल्य मिळते आणि जुन्या संगणकावरही चालते.

टर्मिनल उघडा. डॉलरच्या चिन्हापुढे पी-डब्ल्यू-डी ही अक्षरे टंकून एंटर दाबा. सरकारी बांधकाम खाते नव्हे! आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते ही आज्ञा सांगते. पत्र लिहिताना आपण आधी घर, मग गाव, मग जिल्हा लिहितो. येथे उलट, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. एल-एस टंकल्यास तेथील फायलींची यादी येते. सी-डी, मोकळी जागा आणि फोल्डरचे नाव लिहिले की त्यात प्रवेश होतो; नावाऐवजी दोन टिंबे दिली तर एक पायरी मागे. लिनक्समध्ये लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात, हे विसरू नका.

खरी गंमत यापुढे आहे. समजा, महिनाभरातील गैरहजर मुलांची नावे एका फायलीत, एका ओळीत एक, अशी आहेत. सॉर्ट ही आज्ञा सारखी नावे शेजारी आणते. यू-एन-आय-क्यू, त्यापुढे मोकळी जागा, आडवी रेघ व सी, ही आज्ञा शेजारची सारखी नावे मोजते. दोहोंमध्ये एक उभी रेघ घातली की पहिलीचे उत्तर थेट दुसरीच्या हाती जाते. या रेघेस पाइप म्हणतात. बीडच्या खजाना विहिरीचे पाणी भुयारी वाटेने शेतापर्यंत जाते, मधे कोणी घागर उचलीत नाही, तसेच हे. मुख्याध्यापकांचे तासाभराचे काम एका ओळीत होते.

आता पालकांसाठी. आर-एम ही आज्ञा फाइल पुसते, आणि ती कचरापेटीत जात नाही, सरळ नाहीशी होते. कोणी अनोळखी माणूस फोनवरून “एवढी ओळ टंका” म्हणाला, तर टंकू नका. त्या ओळीचा अर्थ कळल्याशिवाय एंटर दाबावयाचा नाही. सुडो या शब्दाने आरंभ होणारी आज्ञा तर सर्वाधिकार मागते. तेथे दुप्पट सावध राहावे.

संगणक घेण्याची ऐपत नसेल तर थांबण्याचे कारण नाही. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचे मोफत ॲप घेतले तर हीच शेल मिळते. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात. ज्या मुलींना रोज तालुक्याच्या गावी जाणे जमत नाही, त्यांनी हे पाठ अवश्य ऐकावेत. पाठ ऐकता ऐकता प्रत्येक आज्ञा स्वतः टंकून पाहावी. मध्येच एखादी आज्ञा संपता संपेना, तर कंट्रोल व सी ही बटणे एकत्र दाबा. बहुधा ती थांबते आणि डॉलरचे चिन्ह पुन्हा दिसते.