श्रेयांकांचे वजन
(शिवाजी पेठ येथील विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



अशा प्रसंगी स्तुतीचे चार शब्द बोलण्याची रीत आहे. मी मात्र एका चुकीची कबुली देण्यास उभा आहे.

गेल्या वर्षी पारितोषिकासाठी दोन अर्ज अखेरीस उरले. आपल्या अर्जात सरासरीचा रकाना नव्हता. केवळ विषयवार श्रेणी मागितल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दशगुणी पद्धतीत 'ओ' श्रेणीस 10, 'ए प्लस'ला 9, 'ए'ला 8, असे उतरत जाऊन केवळ उत्तीर्णास 4 व अनुत्तीर्णास शून्य मिळते. मुलीचे श्रेणीगुण होते 9, 8, 8 व 5. मुलाचे 7, 7, 8 व 10. मी बेरीज करून चाराने भागले. मुलीस साडेसात आले, मुलास आठ. पारितोषिक मुलास गेले.

पुढे वसतिगृहाच्या कामी त्या मुलीने मूळ गुणपत्रिका आणली. तीवर सरासरी होती 7.86! मी चकित झालो.

आपण गुळाच्या पेठेतील माणसे. चार मण गूळ एका भावाने व दोन मण दुसऱ्या भावाने घेतला, तर दोन भावांची निम्मी बेरीज म्हणजे सरासरी भाव नव्हे. वजन धरावेच लागते. येथे ते वजन म्हणजे श्रेयांक, ज्यास मुले क्रेडिट म्हणतात. पहिले तीन विषय प्रत्येकी 4 श्रेयांकांचे, चौथा 2 चा, एकूण 14. प्रत्येक श्रेणीगुणास त्याच्या श्रेयांकाने गुणले, की मुलीची बेरीज होते 110 आणि मुलाची 108. त्यांस 14 ने भागता मुलीस 7.86, मुलास 7.71. सर्व सत्रांची एकत्रित सरासरीही याच न्यायाने निघते. मात्र तिचे शेकडा गुण करताना सरसकट दहाने गुणू नये. ज्या त्या विद्यापीठाचा नियम पाहावा.

मुलाकडून पारितोषिक परत घेतलेले नाही. दोष त्याचा नव्हता. मुलीस तिचा मान आज देत आहोत. तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटते.

1901 साली राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने या नगरीत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व पुढे अनेक जातिधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. होतकरू मुलांची वाट मोकळी व्हावी, हा त्यामागील हेतू. त्या नगरीत एका चुकलेल्या भागाकाराने कोणाची वाट अडू नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.