जुन्या खिडक्यांची निगा
(शताब्दी महोत्सवात ग्रंथालयाच्या वाचनकक्षात दिलेले व्याख्यान)



मराठीच्या प्राध्यापकाने ग्रंथालयाच्या शताब्दीला ग्रंथांविषयीच बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. ती बाजूला ठेवून मी आज खिडक्यांविषयी बोलणार आहे. आपण बसलो आहोत त्या वाचनकक्षाच्या सागवानी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, असा प्रस्ताव कार्यकारी मंडळापुढे आहे. प्रस्ताव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पावसाळ्यात झडपा लागत नाहीत, पश्चिमेच्या खिडकीतून पाणी झिरपते आणि ओल पुस्तकांच्या कपाटापर्यंत जाते, ही तक्रार खरीच आहे. मात्र तिच्यावर दुसरा इलाजही आहे, आणि तो आधी करून पाहावा, असे माझे मत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. धक्का आपल्या भालकी, बसवकल्याण, आळंद भागांतही जाणवला. आमच्या गावच्या वाड्याची एक भिंत खचली. घरातील सर्वांनी धास्ती घेतली आणि वर्षभरात वाडा उतरवून त्याचे खांब, तुळया, चौकटी, खिडक्या सारे विकून टाकले. त्या व्यवहारात मीही हो म्हटले होते. पुढे किल्लारीचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांचे लेखन वाचनात आले, तेव्हा मनाला चुटपुट लागली. माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या, एकमेकींत न गुंफलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीच्या थरांखाली. जेथे माळवदाचा भार लाकडी खणांवर होता, तेथे भिंती बाहेर कोसळल्या तरी अनेक ठिकाणी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि त्याखालची माणसे वाचली. आम्ही मातीचा भार कमी करायला हवा होता, भिंती जाणत्या माणसाकडून बांधून घ्यायला हव्या होत्या. त्याऐवजी जे टिकून राहिले होते, तेच आम्ही विकले.

लाकडाचे आयुष्य किती, असे कुणी विचारले तर त्याला मी बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात घेऊन जातो. सोळाव्या शतकात अली बरीदशहाने नव्याने सजवलेल्या या महालात काळ्या दगडातील शिंपल्यांचे जडावकाम पाहायला लोक जातात. पण तेथील लाकडी खांब आणि त्यांवरचे कोरीव हस्तही तितकेच पाहण्यासारखे आहेत. ते आजवर टिकले याचे एक कारण साधे आहे. त्यांच्या डोक्यावर छत आहे आणि पायांत पाणी नाही. आपल्या वाड्यांतही खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करीत, तो याच कारणासाठी.

वाडा गेल्यावर मी एका वृद्ध सुतारमामांच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन बसू लागलो. त्यांचे पहिले वाक्य मला आजही आठवते. ‘सर, पानी कुठनं येतंय ते बघा आदी, लाकडाला हात नंतर लावा.’ जुन्या घराच्या दुरुस्तीचे सारे शास्त्र या वाक्यात आहे. कौल फुटले असेल, पन्हळ तुंबली असेल, तर चौकट कितीही चांगली बसवा, ती पुन्हा कुजणार. अलीकडे मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करतात, त्यानेही हानी होते. भिंतीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंतीत रुतलेल्या चौकटीला आतून खाते. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावाच मानवतो, कारण त्यातून ओल उडून जाते.

दुसरी पायरी तपासणीची. हातात अणकुचीदार टोचा घ्यावा आणि उंबरा, चौकटीचे खालचे कोपरे, झडपेची खालची पट्टी येथे टोचून पाहावे. टोचा सहज आत गेला, तर लाकूड कुजले आहे. ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वाळवीची शंका घ्यावी आणि मातीच्या नळ्या शोधाव्यात. बारीक भोकांतून ताजी पिठी पडत असेल, तर भुंगा अजून आत आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. कडेचा पांढरट भाग मात्र ती खाते. मी आपल्या येथील खिडक्या अशाच तपासल्या. आठांपैकी पाच पूर्ण धड आहेत. दोहोंच्या झडपांच्या खालच्या पट्ट्या गेल्या आहेत. पश्चिमेच्या एकीचा उंबरा कुजला आहे. एवढ्यासाठी आठही खिडक्या काढणे म्हणजे दाढ दुखते म्हणून कवळी बसवणे होय.

कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून काढावा आणि तेवढाच नवा तुकडा जोडावा. जोड सरळ न करता तिरपा करावा आणि तो लाकडाच्या जाडीच्या किमान तिप्पट-चौपट लांब असावा, म्हणजे सांधा धरून राहतो. तुकडा त्याच जातीचा, शक्यतो जुन्या मोडलेल्या घरातल्या मुरलेल्या लाकडाचा आणि रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातील असा निवडावा. ओले लाकूड पुढे आकसते आणि सांधा उघडा पडतो. लोखंडी खिळे टाळावेत. ते ओलीने गंजतात, फुगतात आणि लाकूड फाडतात. बांबूची खुंटी किंवा पितळी स्क्रू वापरावा. नव्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि खालच्या अंगाला कडेलगत एक बारीक खाच मारावी. पाणी त्या खाचेशी येऊन थेंबाथेंबाने खाली पडते, मागे भिंतीकडे सरकत नाही. आपल्या पश्चिमेच्या खिडकीला ही खाच पूर्वी होती. रंगाच्या थरांनी ती बुजली आहे.

झडपा पावसाळ्यात का अडकतात? लाकूड लांबीत फारसे बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या ओलीबरोबर फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक, त्यामुळे हा फरक मोठा असतो. श्रावणात झडप अडकली की आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो आणि माघात तिच्या फटीतून वारा येतो. म्हणून आधी बिजागरी सैल झाली आहे का ते पाहावे, जुना रंग खरवडावा आणि रंध्याचे काम पाऊस सरल्यावरच करावे.

जुना रंग काढताना सावधगिरी हवी. २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते. तो कोरडा घासून धूळ उडवू नये, ज्योतीने जाळू नये. पाणी मारून ओलसर खरवडावा, नाकातोंडावर चांगला मुखवटा बांधावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. पुढे फटी खडूची भुकटी व जवसाचे तेल मळून केलेल्या लांबीने भराव्यात. मग बेल तेलाचे पातळ हात द्यावेत, उरलेले तेल पुसून घ्यावे. उन्हापावसाच्या बाजूला हा हात दर एक-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. येथे एक धोका आवर्जून सांगतो, कारण आपण ग्रंथालयात आहोत. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्याच्या डब्यात बुडवाव्यात, किंवा बाहेर उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

या उपायांना मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. माळवदाची तुळई वाकली असेल, खांब कलला असेल, तर तो टोचा-पटाशीचा विषय नव्हे. तेथे अभियंत्याचा सल्ला हवा. खिडकीचे काम मात्र गावातल्या सुताराच्या आवाक्यातले आहे. अट एवढीच, की त्याला ते कुणीतरी दिले पाहिजे. मामा आता नाहीत. त्यांचा मुलगा प्लायवुडची कपाटे करतो. जुन्या सांध्याचे काम येते का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘येतंय की सर, पन सांगतंय कोन?’

तेव्हा माझी कार्यकारी मंडळाला विनंती एवढीच आहे. प्रस्ताव फेटाळू नका, वर्षभर पुढे ढकला. पाऊस संपल्यावर पश्चिमेची ती एकच खिडकी, सर्वांत वाईट झालेली, दुरुस्त करून घ्या. खर्चाचा हिशेब फलकावर लावा. एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतरही कपाटाशी ओल आली, तर ॲल्युमिनियमच्या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देईन. ओल आली नाही, तर उरलेल्या दोन खिडक्यांचे काम त्याच सुताराला द्या. पहिल्या खिडकीचा खर्च मी देणगी म्हणून देऊ इच्छितो. आमच्या वाड्याच्या खिडक्या विकून आलेल्या पैशांचे पुढे काय झाले, हे आज घरात कुणालाच आठवत नाही. हे पैसे कुठे गेले, ते मात्र मला रोज येथे बसून पाहता येईल.