विजेचे उपचार आणि नंतरची गोळी
(जव्हार येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



अध्यक्षमहाशयांनी मजकडे सोपविलेला विषय मंगलप्रसंगी काढण्याजोगा नव्हे, असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरातील कर्ते माणूस महिनोन्महिने भिंतीकडे तोंड करून पडलेले असते, अन्न टाकते, ‘मी नसलेलेच बरे’ म्हणते, त्या घरी मेळाव्याचे मंगल कितीसे पोहोचणार? हा आळस नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. हा नैराश्याचा आजार होय.

पुष्कळांस गोळ्यांनी गुण येतो. दोन निरनिराळी औषधे पुऱ्या मात्रेत, पुरेसे आठवडे घेऊनही उतार पडत नाही, तेव्हा डॉक्टर विजेच्या उपचारांचा विचार करतात. ‘शॉक’ म्हणताच अंगावर काटा येतो. चित्रपटांनी ते भय वाढविले. 1938 साली रोम येथे चेर्लेट्टी व बिनी यांनी आरंभ केला तेव्हा भूल देत नसत, हे खरे. आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून हा उपचार करण्यास मनाई आहे. वीज काही सेकंदच देतात. असे साधारणतः सहा ते बारा वेळा. डोके दुखते, त्या दिवसांच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या काही आठवणी परतही येत नाहीत. संमती देण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांस दाखवावी. फेफऱ्याच्या व काही झोपेच्या गोळ्यांनी या उपचाराचा जोर कमी होतो.

मला मुख्यत्वे बोलावयाचे ते याच्या पुढचे. रोगी उठून बसला, हसला, की घरचे म्हणतात, झाले, आता गोळी कशाला? 2001 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ऐका. विजेने बऱ्या झालेल्यांपैकी काहींस नुसती औषधासारखी दिसणारी गोळी दिली. 24 आठवड्यांत शंभरी 84 जणांचा आजार उलटला. नॉरट्रिप्टिलीन घेणाऱ्यांत हे प्रमाण 60, आणि त्यासोबत लिथियमही घेणाऱ्यांत 39. म्हणजे जोड औषधानेही पुरती हमी नाही. पण 84 आणि 39 यांतील अंतर केवढे!

आपल्या मोखाडा-जव्हारकडे ही गोळी तुटते ती बहुधा दिवाळीनंतर. हजेरीपट मांडण्यात ज्याची उमर गेली त्यास तो काळ सांगावा लागत नाही. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे निघतात आणि पटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासूनचे, परंतु जव्हारहून शंभर किलोमीटरांपलीकडे. म्हणून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून पुढील गोळ्या व चिठ्ठी मागून घ्यावी. शासनाच्या टेलिमानसचा 14416 हा दूरध्वनी क्रमांक भट्टीवरूनही लागतो.

लिथियम घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. त्याची रक्ततपासणी चुकवू नये. भट्टीच्या उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते आणि रक्तातील लिथियम वाढते. हात फार थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, तर मुकादमाची परवानगी मिळेतो थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि गोळ्यांचे पाकीट बरोबर न्यावे.