आमचा परत आलेला माल

पवईच्या आयआयटीतून आणि बाहेरगावाहून आलेले संशोधक, विद्यार्थी मित्रहो,

 

मी शास्त्रज्ञ नाही. इथल्या मरोळ एमआयडीसीत तीस वर्षे कोटिंग केलेली फिल्म विकली. आमच्या धंद्यात सर्वांत अपशकुनी शब्द म्हणजे पिनहोल. फिल्म उजेडासमोर धरायची. ठिपका चमकला की माल परत. पावसाळ्यात ती पांढरीही पडायची. सॉल्व्हंट उडताना फिल्म गार होते, दमट हवेतले पाणी तिच्यावर बसते, पॉलिमर पाण्यापासून अंग चोरतो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. याला आम्ही ब्लशिंग म्हणायचो आणि जुलैभर हीटर लावून बसायचो.

तुमचे शोधनिबंध चाळले तेव्हा कळले, की लिथियम बॅटरीसाठी तुम्ही हेच मुद्दाम करता! पीव्हीडीएफ-एचएफपी हा पॉलिमर विरघळवायचा, पाण्याशी त्याची गाठ घालून द्यायची, जाळी पाडायची आणि त्या जाळीत लिथियमच्या क्षाराचे द्रावण मुरवायचे. आमची तक्रार ती तुमची कृती. अट एवढीच, की भोके एकमेकांना जोडलेली हवीत, पण सरळ आरपार नकोत. नाहीतर लिथियमचे काटे पलीकडे पोचून सेल शॉर्ट होतो. म्हणजे उजेडासमोर धरायची माझी सवय अगदीच वाया गेली नाही.

जाळीने फिल्म लेचीपेची होते, म्हणून तुम्ही तिच्यात सिलिकाचे किंवा अॅल्युमिनाचे नॅनोकण घालता. त्यांचा दुसराही उपयोग आहे. 1998 मध्ये रोमच्या ब्रुनो स्क्रोसाती यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवले, की पॉलिइथिलीन ऑक्साइड या पॉलिमरमध्ये असे कण घातले तर तो सहजी स्फटिक धरत नाही आणि लिथियम आयनांना वाट मोकळी राहते. तिथे तर द्रावण नव्हतेच. घरी हे सांगितले तर सौ. म्हणाली, “पाकात लिंबू पिळतात, तसंच ना?” याहून सोपे कोणी सांगितले तर मी तिला कळवीन.

आमच्या सोसायटीत लिथियम बॅटरीच्या ई-स्कूटर चार्जिंगला लागतात. वॉचमन रोज विचारतो, “साहेब, पेटणार नाही ना?” तेव्हा एक विनंती. आकडे सांगताना प्रयोग कोरड्या ग्लव्हबॉक्समध्ये केला की उघड्यावर, तेही सांगा. लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या क्षाराला पाणी लागले की हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटते, आणि मरोळच्या जुलैत पाणी कुठे नसते?