घर पाहायला माणसं येणार आहेत



मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की काय काय करायचं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण घर पाहायला गिऱ्हाईक येणार असेल तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. घर विकायची वेळ काही रोज येत नाही. आली तर कशानं येते, तेही तुम्ही जाणता. पोरं पुण्याकडे कंपनीत लागली, भावाभावांत वाटणी झाली, नाहीतर दवाखान्याचं कर्ज झालं.

आमच्या गटातल्या एका ताईंवर संक्रांतीच्या आधी ही वेळ आली. खामगाव तालुक्यातलं गाव. दोन खोल्या सिमेंटच्या, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर, आणि घरात आठ माणसं. पहिलं गिऱ्हाईक न सांगता आलं. पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत ठेवलेला कापूस छताला टेकलेला. उरलेल्या जागेत सासूबाईंची खाट, शिलाई मशीन आणि त्यावर ब्लाउजांचा ढीग. तो माणूस दारातूनच म्हणाला, "जागा लहान आहे," आणि सांगितलेल्या भावाच्या लाखभर खाली उतरला. कापसाची खाज सुटली म्हणून आत पाऊलही टाकलं नाही. खोली बारा बाय चौदाची, पण दिसली कुठं?

मग रविवारी आम्ही पाचजणी गेलो. आधी कापूस शेजारच्या रिकाम्या खोलीत हलवला. त्यालाच दुपार झाली. कापूस निघाला आणि खिडकी सापडली! कोठीही तिच्या आडून बाजूला केली, तर खोलीत चक्क ऊन आलं. मोरीत धुण्याचा सोडा टाकून वर गरम पाणी ओतलं. संडासात सरपण भरलेलं होतं, ते काढलं. हसू नका, आपल्यापैकी कितीजणींकडे आजही तसंच आहे. आणि हल्ली संडास पाहिल्याशिवाय कुणी सौद्याचं बोलत नाही.

खरा वाद झाला ओल आलेल्या भिंतीवरून. एकजण म्हणाली, तिथं देवाचा फोटो लावा. दुसरी म्हणाली, चुना मारा. आम्ही दोन्ही नको म्हटलं. जाणतं गिऱ्हाईक भिंतीला हात लावून पाहतं, आणि एक गोष्ट लपवलेली सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. ताईंच्या मुलानं शिडी लावून पाहिलं, तर पत्र्याचा भिंतीलगतचा जोड सुटलेला. तो बुजवला. भिंत मात्र तशीच ठेवली आणि विचारलं तर काय झालं होतं ते सांगायचं ठरलं.

आता आठ माणसांचं घर दिवसभर काही आवरलेलं राहत नाही, आणि राहायला हवं असंही नाही. आम्ही मध्यस्थाला सांगून टाकलं, आदल्या दिवशी फोन करा आणि पोरं शाळेत गेल्यावर अकराच्या पुढं या. एक रिकामी पेटी खाटेखाली ठेवली. फोन आला की कपडे, वह्या, चपला, सगळं तिच्यात. सोनं, बँकेचं पासबुक, आधार कार्ड मात्र त्या पेटीत नको, ते कुलपात. घरात बाई किंवा पोरगी एकटी असेल तर दार उघडून घर दाखवू नका. गटातल्या दोघींना बोलवा. येणारा माणूस मोबाईलमध्ये भिंतींचे फोटो काढू दे, पण पोराबाळांचे नको.

सासूबाईंना मागच्या खोलीत न्यायचं कुणीतरी सुचवलं. त्या खाटेवरूनच म्हणाल्या, "घर पाह्याले येऊन राह्यले, का मले?" खाट तिथंच राहिली. फक्त चादर बदलली.

कागदांचं बोलायचं तर, ताईंनी ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढला, तेव्हा नवऱ्याबरोबर आपलंही नाव त्यात आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं. घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावायचा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे. "घर दोघांचे" म्हणतात ते हेच. तुमचा उतारा आजच पाहून घ्या. नमुना आठ ही कराची नोंद आहे, तेवढ्यानं मालकी पक्की होत नाही. म्हणून गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रकही काढा. गिऱ्हाईकाला दाखवायची ती झेरॉक्स. मूळ कागद हातातून सोडायचा नाही.

दुसरं गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. ती बाई सरळ स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "नळ किती दिवसांनी येतो?" ताईंनी खरं सांगितलं, आठ दिवसांनी. तिनं भिंतीला हात लावला, तेव्हा जोडाचंही सांगितलं. बाहेर ओट्यावर पुरुष माणसं आणि मध्यस्थ भाव पाडत होते. ताई चहा घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "सही माझीपण लागणार आहे. या भावात मी करणार नाही." नवरा गप्प झाला. मध्यस्थ हसला, पण पुन्हा आकडा खाली आला नाही.

इसार चेकनं घेतला. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही. घेणाऱ्यालाच दंड होतो. आणि घेणारे खरेदी बाईच्या नावानं करत असतील तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. ही गोष्ट ताईंनीच त्या बाईला सांगितली. तिला माहीत नव्हती.

सौदा पहिल्या गिऱ्हाईकापेक्षा ऐंशी हजारांनी वर झाला. दवाखान्याचं देणं फिटून खामगावात भाड्याची खोली घेण्याइतके पैसे उरतात. सासूबाईंना खिडकीजवळची जागा हवी आहे, तशी खोली पाहणं चालू आहे. धाकटीची दहावीची परीक्षा होईपर्यंत घर खाली करणार नाही, एवढी एक ओळ मात्र ताईंनी इसारपावतीत लिहून घेतली आहे.