सैन्याचे दार आणि कायद्याची कडी



सैन्यात कोणाला घ्यावे हा सेनापतींचा प्रश्न. त्यात आपण नागरिकांनी कशाला पडावे, असे कोणी विचारील. आम्ही नम्रपणे म्हणतो की तो आपलाही प्रश्न आहे. राज्य कोणाच्या हाती बंदूक देते, यावरून ते कोणावर विश्वास टाकते हे कळते.

पुण्याजवळच्या कोरेगावचा स्तंभ आपण पाहिला असेल. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्यांच्या नावांत 'नाक' या अक्षरांनी संपणारी महार शिपायांची नावे तेथे पुष्कळ आहेत. म्हणजे इंग्रज सरकारला त्यांची पारख नव्हती असे नाही. तरीही 1890 नंतर थोड्याच वर्षांत सरकारने महारांची भरती बंद केली. 'लढाऊ जाती' नावाचे एक शास्त्र तेव्हा निघाले होते. शौर्य छातीत नसून जातीत असते, हे त्याचे सार! पलटणीतील नोकरीमुळे ज्या घरांत पगार आणि अक्षर आले होते, त्यांचा रस्ता खुंटला. स्वतः सैन्यातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. दार उघडले नाही.

ते उघडले महायुद्धाने. 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर, 1921 मध्ये, ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले, तेव्हा 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभारण्यात आली. गरज सरो, वैद्य मरो, अशी ही रीत! हक्काचा त्यात कोठेच पत्ता नव्हता.

स्वराज्यात तरी काय झाले? सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी, असे घटनेने सांगितले. पण त्याच 1950 सालच्या लष्कर कायद्याचे 12 वे कलम म्हणते की, केंद्र सरकार अधिसूचनेने ज्या शाखा सांगेल त्या वगळता स्त्री सैन्यात भरतीस पात्र नाही. अशी अधिसूचना निघून वैद्यकीय सेवांच्या बाहेरची काही दारे उघडण्यास 1992 साल उजाडावे लागले. तीही मोजक्या वर्षांच्या नोकरीपुरती. पुढे या अधिकारी भगिनी न्यायालयात गेल्या. ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीची आज्ञा मानावयास मनाने तयार नाहीत, असे सरकारने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 17 फेब्रुवारी 2020 रोजी ते नाकारले आणि त्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. 2021 मध्ये खडकवासल्याच्या प्रबोधिनीची परीक्षाही न्यायालयाच्याच आदेशाने मुलींना खुली झाली, आणि मे 2025 मध्ये 17 मुली तेथून शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सैन्य म्हणजे समाजसुधारणेचे मंडळ नव्हे. तेथे चूक झाली तर माणसे मरतात. आम्हाला हे मान्य आहे. म्हणूनच कसोटी कडक असावी, ती कोणासाठीही सैल करू नये. परंतु परीक्षा माणसाची घ्यावयाची की जन्माची? ज्याला परीक्षेसच बसू दिले नाही, तो नापास झाला असे कोणत्या न्यायाने म्हणावे? जवान आज्ञा मानणार नाहीत, ही सबब तर सैन्याच्या शिस्तीलाच कमीपणा आणणारी आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. 2020 च्या निकालाने 12 वे कलम रद्द केले नाही. लढाऊ शाखांचा प्रश्नही त्यात नव्हता. मूळ नियम 'नाही' असाच राहिला, 'होय' हा त्याचा अपवाद. जे अधिसूचनेने मिळते ते अधिसूचनेने जाऊ शकते, आणि 1921 ची मोडलेली पलटण आपण विसरता कामा नये. कडी कायद्याला आहे, ती काढण्याचे काम संसदेचे आहे, आणि संसदेत माणसे आपण पाठवितो. आपला प्रतिनिधी मते मागावयास येईल तेव्हा या कलमाविषयी त्याला अवश्य विचारा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.